कातडीखालची डबी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी खुशाल घेते. भीमराज. ज्याचं नाव घ्यायचं त्यालाच ऐकू येत नाही, तर लाजायचं कुणाला? आकुर्डीच्या एका फोर्जिंग कारखान्यात तो अकरा वर्षं हॅमरवर होता. तापलेलं लोखंड चिमट्यात धरायचं, वरून हॅमर पडायचा. आठ तास, ओव्हरटाइम असला तर बारा. कानात घालायला कापूस मिळायचा, तोही मागितला तर. सत्त्याहत्तर साली त्याला पाठीमागून मारलेली हाक ऐकू येईना, अठ्ठ्याहत्तरला समोरून मारलेली. मग एकदा भोंगा वाजला तरी हा हॅमरखाली हात घालून उभा. शेजारच्यानं ओढला म्हणून हात वाचला. कंपनीनं त्याला हॅमरवरून काढलं आणि बागेतलं गवत काढायला बसवलं.

हॅमरवाल्याच्या हातात खुरपं दिलं की घरात काय होतं ते मला विचारा. आठ-आठ दिवस बोलायचा नाही, आणि बोलला तर एवढ्या मोठ्यानं, की भोसरीच्या आमच्या चाळीत एकही खोली सुटायची नाही. त्याला ऐकायचं खिशातलं मशीन आणून दिलं. डबी सदऱ्याच्या खिशात, वायर कानात. सदरा घासला की कानात खरखर. फोरमन म्हणाला, वायर लोंबकळणारा माणूस मी हॅमरपाशी उभा करणार नाही. संध्याकाळी भीमराजनं ते मशीन माझ्या अंगावर फेकलं. त्यातला मायक्रोफोन माझ्याच हातचा होता.

मी त्याच कामाला होते. भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड, आम्ही नऊ बाया आणि आमच्यावर लाइनच्या हेड सुमनताई. कारखान्याचं नाव सांगत नाही, माझी जीभ विटाळायची. भिंगाखाली बसून मायक्रोफोनच्या पडद्याचं, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ फॉइल रिंगवर ताणून चिकटवायचं. श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा. मालक हिंदुराव साहेब, कोल्हापूरकडचे, इंजिनिअर. माणूस हुशार, त्यात शंका नाही. पण आपण किती हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुण्याचे एक कानाचे डॉक्टर साहेबांकडे यायला लागले. दोघांनी ठरवलं, मायक्रोफोन बाहेर नकोच. कानामागं चीर द्यायची, कातडीखाली डबी सरकवायची, वरून टाके घालायचे. वायर नाही, खिसा नाही, कुणाला दिसायचंही नाही. आवाज पुढं हाडाला पोचवणारा तुकडा डॉक्टर बसवणार, आणि मायक्रोफोनची डबी आमच्या शेडमध्ये होणार.

चार आण्याच्या नाण्याएवढी स्टीलची डबी होती ती. झाकण जाड केलं तर आवाज आत शिरेना, पातळ केलं तर बोटानं चेपायचं. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं कातडं आणायचं, केस काढून डबीवर ताणायचं, आणि समोर बसून सुमनताईंनी मोठ्यानं पेपर वाचायचा. पहिला महिनाभर स्पीकरमधून नुसती गुरगुर. मग साहेबांनी झाकण आणि फॉइल यांच्यामधली पोकळी कमी कमी करत आणली. एका दुपारी कातड्याखालून स्वच्छ आवाज आला, "कांद्याचे भाव गडगडले." आम्ही बायांनी टाळ्या पिटल्या. एकीनं त्या कातड्यावर कंगवा फिरवला तर स्पीकर असा किंचाळला की आम्ही कानांवर हात ठेवले. साहेब म्हणाले, "पेशंटनं भांग हळू पाडावा." तेव्हा मीही हसले. अशा बारा डब्या झाल्या, आणि बाराच्या बारांमधलं फॉइल माझं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

साहेबांचं आणि माझं वाजलं ते सेलवरून. डबीला सेल लागतो, घड्याळात असतो तसला, गोळीएवढा. साहेबांनी तो डबीतच घातला. मी म्हटलं, "साहेब, सेल वेगळा ठेवा ना. तुम्हीच सांगितलं होतं, सेल दातात धरू नका, आतला खार मांस जाळतो."

"बाई, दोन डब्या म्हणजे दोन चिरा. डॉक्टर तयार नाहीत."

"आणि सेल पाझरला तर?"

"डिंकानं सील केलंय. बाहेरचं पाणी आत जात नाही, तर आतलं बाहेर काय येणार?" असं म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याच्या बरणीकडं बोट दाखवलं. डब्या त्या पाण्यात तीस दिवस बुडवलेल्या होत्या, आणि मीटरचा काटा हलला नव्हता. मी भिंगाकडं वळले.

वरून मूर्खपणा बघा. पहिला पेशंट हवा म्हणून साहेबांनी विचारलं, तेव्हा भीमराजचं नाव मीच दिलं. डॉक्टरांनी तपासलं, चालेल म्हणाले. हा आपला धावत कारखान्याच्या ऑफिसात गेला आणि विचारून आला. वायर नसेल आणि भोंगा ऐकू येत असेल तर परत हॅमरवर घेऊ, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून माणूस बदलला. रोज दाढी करायला लागला. माझ्या हातची भाकरी चांगली झाली म्हणाला, तेही हळू आवाजात. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, असं तो कधी म्हणाला नव्हता. ऑपरेशनची तारीख दसऱ्यानंतर अकरा दिवसांनी ठरली.

खंडेनवमीला शेडमध्ये मशीनची पूजा असते. आम्ही बौद्ध, मी पूजेला उभी राहत नाही. दरवर्षी बाहेर पायरीवर बसते, दरवर्षी सुमनताई तोंड वाकडं करतात, त्याची आम्हां दोघींना सवय झालेली. त्या वर्षी सुमनताईंनी मशीनना हळदकुंकू वाहिलं आणि बारा डब्यांचा ट्रेसुद्धा पुढं घेतला. साहेब आतून ओरडले, "डब्यांना कुंकू नको! डाग जात नाही." मी पायरीवरून ऐकलं. सुमनताईंनी प्रत्येक डबीला ओल्या हळदीचं बोट लावलं आणि ट्रे खिडकीपाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर पहिली मीच आले. ट्रे बघितला आणि उभीच राहिले. सात डब्यांवर, पिवळ्या हळदीच्या मधोमध, झाकणाच्या सांध्याबरोबर लाल रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक, पण लालभडक.

मागून सुमनताई आल्या आणि बोंबलल्या, "अगं बाई, डब्यांना कुंकू कुणी लावलं?"

साहेब धावत आले. सगळ्या बाया गोळा झाल्या. मी नाही, मी नाही, सगळ्यांचं एकच. मग सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं.

"सकाळी आधी कोण आलं होतं?"

"मी आले होते. मग?"

"मग काय? पूजेला उभी राहायची नाहीस आणि मागून येऊन पूजा बाटवायचीस. तुला आमचं काही बघवतच नाही."

माझं टाळकंच फिरलं. "अहो सुमनताई, जी बाई कपाळाला कुंकू लावत नाही ती तुमच्या डब्यांना लावायला येईल? हळदीच्या डागावर साबण घासला की डाग लाल होतो, कधी बघितलं नाही? मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप काय रंगाचा होतो? तुमच्या घरात कपडे धुता की नाही?"

हे प्रत्येकीला माहीत होतं. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण लाल दिसलं की कुंकू, यापुढं एकीचीही अक्कल गेली नव्हती. साहेबांचा चेहरा मात्र उतरला. ते इंजिनिअर, त्यांना माझ्या आधी कळलं असणार. त्यांनी बायांना कामाला लावलं, मला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"कुणाला बोललात?"

"आत्ताच बोलले, सगळ्यांसमोर. साहेब, हळद लाल होते ती खारानं, आणि हा सेलचा खार सांध्यातून बाहेर येतोय."

"तुमच्या हातांचा साबण असेल. हात नीट धुवत नाही तुम्ही लोक."

"साबण असता तर बाराही लाल झाल्या असत्या. खिडकीकडच्या सात झाल्या, भिंतीकडच्या पाच नाही. दोन दिवस ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर आणि त्या सातांवर होतं. ऊब लागली की डिंक ढिला पडतो. तुमची बरणी गार, म्हणून तिथं काही होत नाही. माणसाचं डोकं गार असतं का?"

ते उठले, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. "तारीख ठरलीय. पेपरवाले येणार आहेत. आपण त्या पाचांतलीच एक वापरणार आहोत. तुझ्याच नवऱ्याचं भलं होतंय आणि तूच आडवी येतेस? भिंगापाशी जा. पुन्हा हा विषय काढलास तर गेटबाहेर."

बाराही डब्या स्पिरिटनं पुसल्या. पुन्हा गार पाण्यात टाकल्या. मीटरचा काटा हलला नाही. साहेबांनी वहीत बारांपुढं बरोबरच्या खुणा केल्या.

घरी येऊन मी भीमराजला सांगितलं. त्याच्यासमोर बसून तोंडाची हालचाल दिसेल असं सांगितलं, नाही कळलं ते पाटीवर लिहून दाखवलं. तो वाचत गेला आणि त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या.

"तुला माझं चांगलं बघवत न्हाई," तो ओरडला. चाळीत कुणीतरी रेडिओ बारीक केला. "साहेब इंजेनेर. डाक्टर एवढा शिकल्याला. त्यांना कळंना आन तुला हळदीवरनं कळतंय व्हय? तुला मी बहिराच पायजे. पाठीमागनं शिव्या द्यायला बरं."

शिव्या मी देत होते, हे खरं आहे. पाटी फिरवून मी लिहिलं, "तुमचं डोकं जळेल."

"जा, मुडदा बशिवला तुझा," म्हणाला आणि पाटी भिंतीवर आपटली. माझ्या सासूबाई, तानुबाई, दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याही मला म्हणाल्या, "त्याच्या मनासारखं होऊ दे की. काय खोडा घालतीस?"

आता सांगा, करायचं काय? डॉक्टरांकडं गेले असते, तर साहेब म्हणाले असते साबण, आणि माझं कोण ऐकणार? सातवी नापास बाई, त्यात नवरा विरोधात. म्हटलं, थांबा. ज्या पाच डब्या तुम्ही चांगल्या म्हणता, त्यातलीच एक दाखवते.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, मी त्या पाचांतली एक डबी उचलली. गेटवर सुमनताई बायांची झडती घेतात, पण झडती म्हणजे पिशवी आणि साडीचा ओटा. डबी मोरीत जाऊन आधीच दंडाला बांधली होती. खाली ओली हळद, वर डबी, झाकणाचा सांधा कातडीकडं, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी, आणि वरून ब्लाउजची बाही. चोरीच ती. बसस्टॉपवर येईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.

पहिल्या दिवशी सोडून बघितलं, हळद पिवळी. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. साहेब बरोबर निघू देत, मी तोंडघशी पडू दे, भीमराज चार माणसांत माझी लाज काढू दे, चालेल म्हटलं. पुन्हा ताजी हळद लावून बांधली. दुसऱ्या दिवशी कडेला नारिंगी झाक होती. ती मी डोळे बारीक करून बघितली आणि नाही असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी लाइनवर बसले असताना दंडाला आग व्हायला लागली. भिंगाखाली दोन फॉइल फाटली, सुमनताई म्हणाल्या, "नवऱ्याच्या ऑपरेशनचं टेन्शन आलंय वाटतं बाईसाहेबांना." उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर ओरडले असते. चौथ्या दिवशी सकाळी आम्हांला पुण्याला जायचं होतं. मी चिंधी सोडली नाही. आत काय झालंय ते मला बघायची गरज नव्हती.

बसमध्ये भीमराज खिडकीशी बसला होता, नवा सदरा घालून. सासूबाईंनी त्याच्या हातात राजगिऱ्याचे लाडू दिले होते. माझ्याशी तो पाटी आपटल्यापासून बोलला नव्हता. कासारवाडी गेल्यावर त्यानं न बघता एक लाडू माझ्यापुढं धरला. मी घेतला आणि मला रडू आलं, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

हॉस्पिटलात त्याच्या उजव्या कानामागचे केस काढले. तिथलं कातडं पांढरं आणि कोवळं होतं. मग आम्हांला डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टर होते, हिंदुराव साहेब होते, टेबलावर एका बाटलीत चार डब्या होत्या; पाचवी कुठं गेली ते अजून कुणी विचारलं नव्हतं. साहेब मला बघून हसले. मी ब्लाउजची बाही वर केली आणि दंड टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, सोडा," मी म्हटलं. "यांची पाचवी डबी इथं आहे."

साहेब ताडकन उठले. "ही चोरी आहे! डॉक्टर, ही बाई..."

"बसा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चिमट्यानं चिंधी सोडवली. शेवटचा पदर कातडीला चिकटला होता, तो ओला करून ओढून काढला. मी दात आवळले. डबी सुटली. खालची हळद लालभडक, आणि तिच्याखाली दंडाचं कातडं गेलेलं. झाकणाच्या सांध्याचा गोल जसाच्या तसा मांसात उतरला होता, आणि त्याच्या मधोमध पांढरट चिकट झालं होतं.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. "किती दिवस होती?"

"आज चौथा."

"हळद का?"

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, खिडकीकडच्या सात डब्या, स्पिरिटनं पुसलेल्या रेघा. डॉक्टर ऐकताना साहेबांकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "हिंदुराव, हे मला का सांगितलं नाहीत?"

"साबण असेल असं वाटलं. अजून या चार..."

"या चार तुमच्याकडंच राहू द्या. दंडावर मांस तरी आहे. कानामागं कातडीखाली लगेच हाड, आणि हाडापलीकडं मेंदू. मी हे कुणाच्याही डोक्यात घालणार नाही."

साहेबांनी बाटली खिशात घातली. जाताना मला म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही. आणि चोरीची तक्रार करायची की नाही ते मी ठरवीन." मी म्हटलं, "करा. डबी दाखवायला मीही येते चौकीवर." ते दार आपटून गेले. दार आपटल्याचं भीमराजला कळलं नाही. तो नुसता एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्याला अर्धंच कळत होतं.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. डबीतला खार बाहेर येतो. चार दिवसांत पत्नीचा दंड जळला. ऑपरेशन रद्द. तुमची पत्नी नसती तर तुमचा जीव गेला असता.

भीमराजनं कागद वाचला. पुन्हा वाचला. माझ्या दंडाकडं बघितलं, अगदी वाकून. त्यानं बोट पुढं केलं, पण जखमेला लावलं नाही. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. चौदा वर्षांत एकदा बोलेल. मी त्याच्याकडं बघत राहिले.

त्यानं डॉक्टरांकडं तोंड केलं. आवाज हळू ठेवायचा म्हणून त्यानं गळ्याला हात लावला होता, तरी बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"डाक्टरसायेब, चार दिस लागलं म्हंता ना हिला जळायला?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"मंग ते चार दिस मला ऐकू आलं असतं का?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. भीमराज थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं वळला. त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते, नीट कळावं म्हणून तो खुर्चीसकट पुढं सरकला.

माझा दंड आगीत घातल्यासारखा जळत होता. नाही म्हणता आलं असतं. कुणीही पकडलं नसतं. पण त्या डबीतलं फॉइल मी ताणलं होतं, ते कसं ऐकतं ते मला माहीत होतं.

"व्हय," मी म्हटलं. "आलं असतं."